बोटं स्पष्ट दिसली पाहिजेत

ओळखपत्राचा फोटो काढायला म्हणून ती त्या स्टुडिओत शिरली, आणि स्टुलावर सरळ बसायचं सोडून मोबाइलशीच भांडत बसली.

"मॅडम, ओळखपत्रावर कपाळाला आठ्या चालत नाहीत," कॅमेऱ्यामागून आवाज आला.

"माझे चाळीस व्हिडिओ कुणाच्याच फोनवर उघडत नाहीयेत. आठ्या जातील कुठे?"

ती कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवायची. दुरुस्तीसाठी शाळा सोमवारपासून दोन महिने बंद राहणार होती. तिच्या वर्गातली अकरा चिमुरडी खाणाखुणांची भाषा नुकती कुठे शिकू लागली होती, आणि घरी ती कुणालाच येत नव्हती. दोन महिने हात गप्प बसले की शिकलेलं सगळं पाण्यात! म्हणून तिने भिंतीसमोर उभं राहून चाळीस धडे रेकॉर्ड केले होते. आवाज नाही, नुसते हात.

स्टुडिओवाल्याने फाइलींची यादी पाहिली आणि ओठ घट्ट दाबले. "नावांची शेपटं तुम्ही बदललीत?"

"चाळीसच्या चाळीस! सगळीकडे एमपीफोर लिहिलं. दोन तास लागले."

"डब्यावरची चिठ्ठी बदलून मिठाची साखर होत नाही हो. आतला व्हिडिओ नव्या पद्धतीचा आहे, जुन्या फोनना तो कळत नाही. सगळे नव्याने बनवावे लागतील."

"हसताय?"

"छे... दोन तासांचं कौतुक वाटलं."

तिला खरं तर राग यायला हवा होता. तो आला नाही, इथेच पहिली गडबड झाली.

दुसऱ्या दिवशी त्याने पहिला धडा दाखवला. फाइल इवलीशी, कुठल्याही फोनवर उघडणारी. तिचा चेहरा मात्र पडला. "बोटं कुठे गेली?"

फाइल लहान करण्याच्या नादात भराभर हलणारी बोटं पुसट झाली होती.

"माझी मुलं बोटं वाचतात," ती म्हणाली. "ती अशी फराटे झाली तर 'पाणी' काय नि 'आई' काय, सगळं सारखंच!"

या वेळी तो हसला नाही. "पुन्हा करतो. प्रत्येक धडा शेवटपर्यंत स्वतः बघून."

मग शाळा सुटली की ती रोज तिथे. व्हिडिओ ठेवायचे कुठे, यावरही वाद झालाच.

"फुकटच्या साइटवर टाकू, बाई. नेट मंदावलं की व्हिडिओ आपोआप हलका होतो."

"आणि शेजारी नाचणारं मांजर दिसलं की माझा वर्ग गेला मांजराकडे."

"बरं, मग आम्ही गिऱ्हाइकांचे व्हिडिओ ठेवतो तिथे ठेवू. जाहिराती नाहीत, लिंक असेल त्यालाच दिसेल. नेट कमी असेल त्याने एकदा उतरवून घ्यायचं."

"आणि मांजर?"

"मांजराला लिंक द्यायची नाही."

"भाऊजी," काउंटरवरून त्याची वहिनी म्हणाली, "माझ्या भावाच्या लग्नाचा अख्खा व्हिडिओ दोन दिवसांत उरकलात. या धड्यांना आठवडा?"

तो कानापर्यंत लाल झाला. तिने उगाचच पर्स उघडली, बंद केली... पुन्हा उघडली.

रविवारी अकराही घरांत धडे दिसू लागले. एका आईने मुलीचा व्हिडिओ पाठवला. फोनसमोर बसलेली पोर बोटांनी 'पाणी' म्हणते आणि आई धावत पेला आणते. स्टुडिओत तिने आणि त्याने मिळून तो तीनदा पाहिला. चौथ्यांदा पाहायला काही कारण उरलं नाही.

"बरं... येते."

"हं... या."

काम संपलं, आता इथे यायचं निमित्तही संपलं. घरी पोचेपर्यंत ती स्वतःवरच चिडली होती. एरवी एवढी बोलणारी, आणि ऐन वेळी दातखीळ बसावी!

सोमवारी सकाळी फोनवर एक लिंक आली. उघडली तर तो! बाह्या दुमडून, भिंतीसमोर ताठ उभा. हात अवघडलेले, पण बोटं लख्ख. 'शाळा बंद. तू नाही. माझं... पोट दुखतंय.'

ती खो खो हसली. हसता हसता डोळे कधी भरले ते तिलाच कळलं नाही. चाळीस धडे त्याने नुसते तपासले नव्हते, तो शिकला होता. चपला पायात सरकवून ती तडक स्टुडिओत गेली.

"पोट दुखत असेल तर डॉक्टरकडे जायचं."

"तेविसावा धडा. पाहिलाय," तो म्हणाला. "काय करू? चाळीसही धुंडाळले. डोकं आहे, दात आहे, पोट आहे. मनाचं काहीच नाही तुमच्याकडे! जवळचं म्हणून पोट घेतलं."

"सहा वर्षांच्या मुलांना काय करायचंय मन?"

"मी जरा मोठा आहे, बाई. शिकवा ना... मला तुम्ही आवडता, हे हातांनी कसं सांगतात?"

काउंटरवर वहिनीने वही उघडून थेट तोंडासमोर धरली.

तिने त्याचे हात हातात घेतले आणि सावकाश करून दाखवलं. त्याने करून पाहिलं. "अंगठा आत," ती म्हणाली. पुन्हा चुकलं. तिसऱ्यांदा जमलं, आणि ती क्षणभर त्या बोटांकडे नुसती बघत राहिली. मग तिने आपले हात उचलले आणि तीच खूण केली, त्याच्या डोळ्यांत बघत.

तो गोंधळला. "हे... बरोबर कसं करायचं ते दाखवताय?"

"नाही," ती म्हणाली. "सांगतेय."