चुकीचा गाल

फिजिओथेरपीच्या खोलीत आरसा एकच, आणि त्या दुपारी त्याच्यासमोर आधीच कुणीतरी गाल फुगवून बसलेला. पण डावा गाल कसला फुगतोय! तिकडून फुस्सकन हवा निसटली, आणि दारात उभ्या असलेल्या बालवाडीच्या बाईंना हसू आवरेना.

"हसा, हसा," तो म्हणाला. "बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो मी. म्हणजे... वाजवायचो. तुम्हाला काय झालंय?"

"इडिओपॅथिक फेशियल पाल्सी."

"अरे वा, मलाही तेच! म्हणजे काय हो?"

"तोंड वाकडं झालंय, पण का ते माहीत नाही."

"एवढंच? मला वाटलं, डॉक्टरांना काहीतरी कळलंय!"

ती पुन्हा हसली — अर्धीच. उजवी बाजू ढिम्म हलली नाही. आई म्हणायची, खिडकीतलं वारं बाधलं. मावशी म्हणायची, जागरणं भोवली. वर्गातलं एक चिमुरडं तर रोज विचारायचं, "बाई, रागावलात?" रस्त्याने जाताना ती तोंड झाकूनच जायची. हे असंच राहिलं तर, या विचाराने तिचा जीव अर्धा व्हायचा.

त्याच्यापुढे मात्र काही झाकावंसं वाटत नव्हतं. रोज शेजारी बसून दोघं भुवया उडवायची, ओठांचा चंबू करायची... उन्हाची तिरीप आरशावरून हळूहळू सरकत जायची. घरी गेलं तरी तोच वेडावाकडा चेहरा डोळ्यांपुढे!

मग एके दिवशी त्याने गाल फुगवला, आणि हवा उजवीकडून निसटली.

ती बघतच राहिली. "अहो... तुमचा तर डावा होता ना?"

तो कानापर्यंत लाल झाला. "बरा होऊन आठवडा झाला," तो पुटपुटला. "कळलं असतं तर इथे कोण येऊ देणार होतं मला?"

तिने आरशात आपल्या उजव्या गालाकडे पाहिलं. "आणि... माझा नाहीच झाला बरा तर?"

"तुमचं पूर्ण हसू मी पाहिलंय कुठे?" तो हळूच म्हणाला. "जीव जडलाय तो या अर्ध्यावरच."

तिचे डोळे भरून आले. उजवा नीट मिटत नव्हता, म्हणून त्यातलं पाणी आधी ओघळलं. त्याने ते बोटाने अलगद टिपलं.

"उद्यापासून खोटं तोंड करून यायचं नाही," वर्गात दटावते तशी ती म्हणाली.

"आणि आत घेतलं नाही तर?"

"बाहेर बाकावर बसा. मी आटपून येते. मग दोघं चालत जाऊ... भर बाजारातून."