लाँड्रीसमोरचा पिवळा पट्टा

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यातलं काहीही मी पदरचं घातलेलं नाही.

गेल्या महिन्यातला मंगळवार. दुपारचे सव्वादोन. लाँड्रीसमोरचा रस्ता, वर रखरखीत ऊन.

मी शहराच्या रस्त्यांवर पट्टे मारतो. त्या दिवशी मात्र पट्टा पुसायचा होता.

लाँड्रीसमोर हायड्रंट आहे. आगीचा बंब पाणी घेतो तो लाल नळ. अकरा वर्षांपूर्वी समोरच्या इमारतीला आग लागली, तेव्हा नळाला चिकटून कोणाची तरी गाडी उभी होती. पाइप जोडायला सात मिनिटं उशीर झाला. तिसऱ्या मजल्यावर बंबावरचा एक जवान अडकला होता.

ते माझे बाबा.

मग नियम झाला. नळाच्या दोन्ही बाजूंना पाच मीटर गाडी लावायची नाही. तिथला पिवळा पट्टा मीच मारला. नोकरीतला पहिलाच. एका जागी कड वाकडी झाली.

आता पाचाचे दीड मीटर करायचं ठरलं. गाड्यांना जागा पुरत नाही म्हणे.

माझा दादा अग्निशमन दलात अधिकारी. त्याच्या होकाराशिवाय हे होणार नव्हतं. आईसमोर म्हणाला होता, "मी असेपर्यंत त्या पट्ट्याला कोणी हात लावणार नाही. विरोध लिहून दिलाय." आई त्या दिवशी पोटभर जेवली.

मंगळवारी कामाचा कागद हातात आला. 'हरकत नाही.' खाली दादाची सही.

सख्ख्या भावाने केसाने गळा कापला होता. मी तिथूनच फोन लावला.

"अरे, वरून दबाव होता," तो म्हणाला. "दीड मीटर पुरतं रे. पुसून टाक. आणि आईला सांगू नकोस."

मला 'नाही' म्हणता आलं असतं. मी ते म्हटलं नाही. पिवळ्यावर फासायच्या काळ्या रंगाचा डबा उघडला.

माझा जोडीदार चहा आणायला गेला होता. त्याला आम्ही टेप म्हणतो, बोलायला एकदा उलगडला की आवरत नाही. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. अर्धा पट्टा काळा झाला, आणि मागून…

टण टण… टण.

मी ब्रश थांबवला.

गंजलेलं झाकण सैल व्हावं म्हणून बाबा पान्याने असंच ठोकायचे. दोनदा. थांबून एकदा. बाकी कोणीच तसं ठोकत नसे.

वळून पाहिलं. नळापाशी कोणी नव्हतं. त्या उन्हातही झाकण बर्फासारखं गार होतं…

मी काम उरकलं. कागदावर सही केली आणि पळालो.

बुधवारी सकाळी पाहतो तर पट्टा पुन्हा पिवळा. ओला. टेपने स्वतः मोजला. नळाच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच मीटर. कड त्याच जागी वाकडी.

टेप पहिल्यांदाच गप्प झाला.

दादाला सांगितलं. तो हसला. संध्याकाळी स्वतः आला आणि गाडी नळाला चिकटवून लावली.

"बघ. होतंय का काही?"

तो लाँड्रीतून गणवेश घेऊन आला, जेमतेम पाच मिनिटांत. काचा बंद होत्या. आत सीटपर्यंत पाणी… आणि धुराचा वास.

दादा फुटपाथवर मटकन बसला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. बाबांनी बरोबर माणूस गाठला होता.

घरी गेलो. आई दारातच उभी.

"दुपारपासून तुझ्या खोलीचं दार कोणीतरी ठोकतंय," ती म्हणाली. "दोनदा… थांबून एकदा."

मग तिची नजर माझ्या नखांवर गेली. त्यात काळा रंग होता.

"तू पुसलास?"

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. दादाची सही दाखवावी म्हणून मी तो कागद उशीखाली जपून ठेवला. रोज सकाळी उशी कोरडी असते, कागद ओला.

दादाची सही धुऊन गेली आहे. तिचा मागमूसही नाही.

'काम पूर्ण केले' याखालची माझी सही मात्र तशीच आहे.