पातळी सांगणाऱ्यानं ठरवायची

बजाजनगरकडं जाणाऱ्या शेअर रिक्षात तनुजाच्या पायाशी मोसंब्यांची पिशवी होती आणि शेजारी एक अनोळखी मुलगा अंग चोरून बसला होता. मागून जळका वास यायला लागला.

"भाऊ, काही जळतंय का?" तिनं विचारलं.

"काही नाय ताई, असंच," रिक्षावाला म्हणाला.

थोडं पुढं गेल्यावर रिक्षानं धूर सोडला, आचका दिला आणि रस्त्याच्या कडेला बसकणच मारली. पिशवी कलंडली. मोसंब्या वाट फुटेल तिकडं पळाल्या. तो मुलगा वाकून वाकून गोळा करत राहिला आणि शेवटची मोसंबी शर्टाला पुसून तिच्या हातावर ठेवत म्हणाला,

"असंच म्हणाला होता ना तो?"

ती हसली... का हसली, ते तिचं तिलाही कळलं नाही.

दोघं एकाच दिशेनं चालायला लागले आणि एकाच दारात जाऊन थांबले. तनुजा काम करायची त्या सरफराजभाईंच्या लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत आजपासून येणारा नवा मुलगा तो हाच.

"नाव?" तिनं विचारलं.

"रामकिसन."

"एवढं म्हातारं?"

"आजोबांचं आहे. ते गेले अन् नाव माझ्या गळ्यात पडलं."

सरफराजभाईंनी दोघांना एकच काम दिलं. एका कारखान्यातल्या प्रेस मशिनींचे संदेश पडद्यावर यायचे होते, नोंदवून ठेवायचे होते. "सगळेच संदेश एका आवाजात बोंबलले तर ऑपरेटरनं ऐकायचं कुणाचं?" ते म्हणाले. "हर संदेशाला पातळी पाहिजे. दोघं मिळून बनवा. अन् झगडा मत करो."

झगडा पहिल्याच दिवशी झाला. तपशील, माहिती, इशारा, चूक, इथवर जमलं. सगळ्यात वरच्या पाचव्या पातळीला रामकिसन म्हणाला, "खल्लास ठेवू."

"कारखाना आहे, कुस्तीचा फड नाही," तनुजा म्हणाली. मग 'संकट' ठरलं.

"समजा, मशीन म्हणालं साधी माहिती आहे," त्यानं विचारलं. "पण ऐकणाऱ्याला वाटलं, हे लई गंभीर दिसतंय. मग त्यानं पातळी वाढवायची का?"

"अजिबात नाही. पातळी सांगणाऱ्यानं ठरवायची. ऐकणाऱ्यानं आहे तशी नोंदवायची. किती दुखतंय ते ज्याचं त्यालाच ठाऊक."

"अन् सांगणाराच लाजाळू असला तर?"

"मशीन लाजत असतंय व्हय!"

त्यानं हात जोडले. नियम पक्का झाला.

चाचणीसाठी दोघं कारखान्यात जायचे. प्रेसच्या धडधडाटात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नसे. तो मशीनपाशी उभा राहून संदेश सोडी आणि हात वर करून बोटं दाखवी. एक बोट म्हणजे तपशील, तीन म्हणजे इशारा, पाच म्हणजे संकट. पडद्यावर तेच उमटलं की तिकडून ती मान हलवी. तेलाच्या वासात, त्या गोंगाटात त्याचा वर गेलेला हात शोधायची तिच्या डोळ्यांना सवयच लागली.

मग तो खेळच झाला.

"मॅडम, केसात कापूस अडकलाय. माहिती."

"चहा निवतोय. इशारा."

"आज तुम्ही डब्यात ठेचा आणला नाय... चूक!"

हिवाळा असा सरला. मोसंबी सोलून अर्धी त्याच्यापुढं ठेवायची, हेही तिच्या अंगवळणी पडलं. बोटांना तो आंबटगोड वास संध्याकाळपर्यंत राहायचा.

एके दिवशी पाचोडहून आईचा फोन आला. फोन ठेवून तनुजा जागेवर आली. रामकिसननं काही बोलावं, निदान एकदा नको म्हणावं... एवढंच तिला हवं होतं. त्याच्या तोंडून एक शब्द निघाला असता तर ती वडिलांसमोर उभी राहणार होती.

"रविवारी मला बघायला येणार आहेत," ती म्हणाली.

रामकिसनचा हात थांबला.

"पातळी?" त्यानं हळूच विचारलं.

स्वतःहून कसं सांगायचं? तिनं मान खाली घातली.

"माहिती."

"बरं," तो म्हणाला. "नोंद घेतली."

त्या दिवशी अर्धी मोसंबी त्याच्यापुढं तशीच सुकत पडली.

रविवार आला, गेला. मुलगा जालन्याचा, शांत, सरळ. वडिलांनी शब्द दिला, सुपारी फुटली. आई, सारजाबाई, पाचोडच्या बाजारात भेटेल त्याला सांगत सुटली. सोमवारी रामकिसननं पेढा घेतला, कपाळाला लावला आणि खिशात ठेवला.

तनुजाचा कामाचा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा उन्हाळा भरात होता. तो तिला रिक्षापर्यंत सोडायला आला. वाटेत थांबला.

"एक विचारू? त्या दिवशी तुम्ही... माहिती म्हणालात. खरंच तेवढंच होतं?"

"नाही."

"मग?"

तिचे डोळे भरून आले. "सगळ्यात वरचं होतं, रामकिसन. तुला दिसलं नाही?"

"दिसलं होतं," तो म्हणाला. "पण वाटलं, तुम्हाला पोरगा पसंत असंल. तुम्हीच तर म्हणाला होता... ऐकणाऱ्यानं वाढवायची नाय."

"मशीनसाठी म्हणाले होते रे, वेड्या."

दोघंही हसायला गेले आणि कुणालाच हसू आलं नाही.

"आता काही...?"

"त्या माणसानं माझं काय वाईट केलंय?" ती म्हणाली. "घर रंगवून वाट बघतोय तो. आता मोडलं तर सगळा तमाशा त्याच्या दारात." तिनं पदर सावरला. "तेव्हा बोलला असतास तर..."

"अन् तुम्ही?"

"मी पण."

रिक्षा भरली. ती आत बसली. त्याला काहीतरी सांगायचं होतं, ओठ हललेही, पण तेवढ्यात इंजिन फटफटत सुरू झालं आणि शब्द त्यात बुडाले. तिनं बाहेर वाकून ओरडून विचारलं, "काय? ऐकू येत नाही!"

रामकिसननं हात वर केला. पाचही बोटं.

रिक्षा हलली. "ताई, पाहुणे टाटा करायलेत," रिक्षावाला म्हणाला. "तुम्ही बी हात हलवा की."

तिनं हात बाहेर काढला. हलवला मात्र नाही. पाचही बोटं उघडी ठेवून, तो धुळीत दिसेनासा होईपर्यंत तसाच धरून ठेवला.