ऊब कुठे मुरते

आमच्या दूध कारखान्यात उष्णतेची देवाणघेवाण करणारी तीन यंत्रं आहेत. बॉयलरपाशी पोटात नळ्या भरलेलं जाडजूड पिंप, शीतगृहात पंख्यामागे पत्र्याच्या पात्यांचं, आणि तिघांत सगळ्यात नखरेल असं प्लेटांचं. त्यात दूध तापतं. स्टीलच्या पातळ प्लेटा पुस्तकाच्या पानांसारख्या दाबून बसवलेल्या; एका फटीतून गरम पाणी जातं, शेजारच्या फटीतून दूध. माझ्या दोन आत्यांसारखं. बोलणं बंद, मध्ये भिंत, पण एकीचं डोकं तापलं की दुसरीचंही तापतं.

त्या हिवाळ्यात दूध तापेनासं झालं. पाणी कढत आत जायचं, गार होऊन बाहेर यायचं, आणि दूध आपलं कोमटच. नीट न तापलेलं दूध यंत्र आपोआप मागे फिरवतं. बिचारं दिवसभर गोल गोल फिरत होतं, आणि फाटकाशी टँकरवाले आमच्या नावाने शंख करत होते.

मॅनेजरसाहेबांनी ऑपरेटरला धरलं. त्याला सगळे थंडोबा म्हणायचे, कारण तो भर उन्हाळ्यातही स्वेटर घालायचा.

"झोपा काढतोस तू!"

"साहेब, एवढ्या थंडीत झोप लागते का कुणाला?"

"उद्यापर्यंत दूध तापलं नाही, तर घरी बसून स्वेटर विण!"

त्याची नोकरी वाचवायला मीच कंबर कसली. देखभालीची इंजिनिअर मी. थर्मामीटर बदलले, पंप पाहिला, गळती शोधली. काही नाही. पाणी उष्णता देत होतं, दुधाला ती मिळत नव्हती. मधल्यामध्ये कोणीतरी हात मारत होतं.

दुपारी यंत्र उघडलं. पाण्याच्या बाजूने प्लेटांवर क्षारांचा पांढरा थर बसला होता. मधल्या एका प्लेटवर मात्र दोन जागा लख्ख होत्या.

दोन पंजे. बोटं फाकलेली. शेकोटीपुढे धरतात तसे.

त्या फटीत नाणंसुद्धा जेमतेम सरकलं असतं.

साहेबांनी सगळ्यांचे हात लावून पाहिले. हळूच स्वतःचाही. एकाचाही जुळेना; ठशातली बोटं फारच लांब होती. "कोणीतरी चेष्टा करतंय," असं म्हणून त्यांनी हात खिशात घातले, ते काही बाहेर काढले नाहीत.

थंडोबा ठशांकडे बघत राहिला.

"गारठलंय हो ते," तो मला म्हणाला. "मला कळतं ना! शेकायला दुसरं काही दिलं, तर दुधाच्या वाटेला जाणार नाही."

आम्ही हसलो. तो मात्र साहेबांच्या केबिनमधला हीटर उचलून घेऊन आला आणि यंत्राशेजारी लावून मोकळा झाला.

यंत्र जोडलं. सुरू केलं. काटा चढला. दूध तापलं.

टँकर भरून गेले. साहेबांनी थंडोबाची माफी मागितली नाही. पण हीटरही परत मागितला नाही.

संध्याकाळी थंडोबा चहाला गेला होता. यंत्रापाशी मी एकटीच. गार पाण्यात पाने-पक्कड धुऊन माझी बोटं बधिर झाली होती.

हीटरपुढे उकिडवी बसले, हात पुढे धरले. तारा लालबुंद, पण ऊब काही लागेना.

"जरा सरका हो," सवयीने तोंडातून गेलं.

आणि माझ्या हातांना ऊब लागली.