डावीकडे वळलेला घोडा

सुवर्णमुद्रेवरचा घोडा म्हणजे साक्षात राज्याचे भाग्य, तो कधी चुकत नाही, असे वेलान गडाचे पुरोहित सांगत. त्या पहाटे, केल्टांच्या त्या डोंगरी मुलखात धुक्यातून गडाचे लाकडी बुरूज नुकते वर येत असताना आणि खाली वेढा घालून बसलेल्या गनिमाच्या शेकोट्या विझत असताना, भर दरबारात तोच घोडा चुकलेला आढळला.

मूळ मुद्रा यवनांची, म्हणजे ग्रीकांची. तिच्यावर रथ होता, सारथी होता. नकलेची नक्कल होता होता सारथी गळाला, रथही गळाला. उरला एक घोडा आणि त्याच्या पोटाखाली एक अनाथ चाक. वेलानचा घोडा उजवीकडे धावे, गनिमाचा डावीकडे. शिपायांना वाटायच्या नव्या मुद्रांवर तो डावीकडे धावत होता.

"फितुरी!" राजा लुगोमार गरजला. "गनिमाचा ठसा आमच्या टांकसाळीत आला कसा? तास्को, हा घोडा तुझा?"

तास्को टांकसाळीचा ठसेकार. जुना ठसा तडकला तेव्हा घाईघाईत त्याने एक मुद्रा समोर ठेवली आणि जशीच्या तशी कोरली. ठसा उलटा कोरायचा असतो, हे तो इतरांना शिकवीत असे.

"माझा घोडा उजवीकडे धावतो, महाराज," तो म्हणाला.

टांकसाळीची किल्ली ज्याच्या कमरेला, त्या घणकऱ्याकडे आता साऱ्यांच्या नजरा वळल्या. तो सेनो, तास्कोचा मेहुणा. ठशावर घाव घालणारा तोच. त्याला सारे ठाऊक होते.

"असं म्हणता, दाजी?"

तास्कोने स्वतःच्या जोड्यांकडे पाहिले.

"मग असेल बुवा," सेनो म्हणाला. "ताईला मात्र तुम्हीच सांगा. मला नाही जमायचं."

राजाने न्याय केला : इमान शाबीत करायचे तर सेनोने पूर्वद्वार एकट्याने राखावे. सेनो घण खांद्यावर टाकून गेला. गनिमाचा एल्गार त्या चिंचोळ्या दारावरच आदळला. कुमक पोहोचेतो तो पाऊलभर हटला नाही, आणि पोहोचली तेव्हा उंबऱ्यावर आडवा पडला होता. गड वाचला.

चितेपाशी तास्को गुडघ्यांवर कोसळला. "महाराज, ठसा कोरताना मीच चुकलो. माझी मान घ्या."

"हळू बोल," राजा पुटपुटला. "घोडा गनिमावर चालून जायलाच वळला, असा कौल पुरोहितांनी आत्ताच दिलाय. यापुढे तो डावीकडेच धावेल. आणि तूच कोरशील."

तास्को मरेपर्यंत तोच घोडा कोरत राहिला. घरी तो बायकोकडे पाठ करून जेवत असे.

बाजारात व्यापारी मुद्रेवरचा घोडा कधीच पाहत नसत. मुद्रा तराजूत टाकून तोलत.