सरांना न सांगितलेला पिवळा पट्टा

घडाघडा सर कधी चुकत नसत. मग केवडखार गावाच्या शेतात खाडीचं खारं पाणी शिरलं कसं?

नारळी पौर्णिमा होऊन चार दिवस झाले होते. हिराकाकी शाळेमागच्या खाचरात उतरल्या आणि तिथूनच ओरडल्या, "अगो शालू, ये बघ गो! रोपांचे शेंडे जळले!"

सहावीतली शाल्मली धावत गेली. कालपरवापर्यंत हिरवंगार असलेलं भात टोकाकडून पिवळं पडून करपायला लागलं होतं. हिराकाकींनी पायाखालचं पाणी बोटाने चाखलं आणि थुंकून टाकलं. "खारं! येवढं एकच खाचर बियाण्याचं. पिठोरी अमावस्येच्या उधाणाला अजून एकदा पाणी शिरलं, तर पुढच्या वर्षी गावाने पेरायचं काय?"

हे भात खारट मातीत तग धरणारं होतं. गावाने ते कित्येक वर्षं निवडून निवडून जपलं होतं. पण मुळाशी खारं पाणी साचून राहिलं, तर तेही मरतं.

शाल्मलीने खाडीकडच्या बांधाकडे पाहिलं. पौर्णिमेला तिथे काय झालं, ते फक्त तिलाच माहीत होतं.

आता घडाघडा सर कोण, ते सांगायला हवं. ते शाळेचे यंत्रशिक्षक. रुबाबदार, चंदेरी, आणि अर्थातच चिखलात पाऊल न टाकणारे. खरं नाव लांबलचक होतं, पण कोणताही प्रश्न विचारा, उत्तर घडाघडा येणार, म्हणून मुलांनी हे नाव ठेवलं. गुरुपौर्णिमेला सगळे त्यांना हार घालायचे. सरांच्या पुढे बोलायची कोणाची टाप नव्हती.

गावाच्या बांधातली उघाडी (पाण्याची ये-जा होऊ देणारं झडपेचं दार) उघडण्या-लावण्याचं कामही सरांकडेच होतं. ओहोटीला दार उघडायचं, म्हणजे शेतातलं जास्तीचं पावसाचं पाणी खाडीत जातं. भरती वर येऊ लागली की लावायचं, म्हणजे खाडी शेतात येत नाही. कधी लावायचं, ते सर मागच्या पन्नास वर्षांच्या भरती-ओहोटीवरून ठरवत. उघाडीपाशी सरांचा एक डोळा (कॅमेरा) होता. खाऱ्या हवेने तो केव्हाच गंजला. "मुलं सांगतातच की," म्हणून कोणी नवा बसवला नाही.

कारण रोज एका मुलाची बांधावर ड्यूटी असे. तिथे रंगीत पट्ट्यांचा खांब होता: खाली हिरवा, त्यावर पिवळा, सगळ्यांत वर लाल. दार लागताना पाणी कोणत्या पट्ट्यावर आहे, ते बघायचं आणि बांधावरच्या, सरांशी जोडलेल्या ध्वनिपेटीत बोलायचं. सरांच्या हिशोबाने ते हिरव्या पट्ट्यावर असायला हवं; त्याच्या वर गेलं की खाडी शेतात शिरते. मूल "हिरवा" म्हणालं की सर म्हणत, "बरोबर. शाब्बास." दुसरा कोणताही रंग सांगितला की म्हणत, "चूक. नीट बघ." आणि एक गुण कापत.

नारळी पौर्णिमेला ड्यूटी शाल्मलीची होती.

रोपं जळलेली दिसली त्या संध्याकाळी तिने आजोबांना विचारलं, "तात्या, यंत्र चुकतं का हो?"

तात्या निवृत्त सागरशास्त्रज्ञ. उभा जन्म समुद्र मोजण्यात गेलेला. त्यांची एक भारी वाईट खोड होती, सरळ उत्तर म्हणून द्यायचे नाहीत. "आज आमटी मी करतो," ते म्हणाले, आणि स्वयंपाकघरात गेले.

जेवताना शाल्मलीने पहिला भुरका मारला आणि तिचे डोळे पांढरे झाले. आमटी खारट ढाण झाली होती! तिने आईकडे पाहिलं. आईने ताटाकडे पाहिलं.

"कशी झालीय?" तात्यांनी विचारलं.

"छान," आई म्हणाली.

"मस्त," शाल्मली म्हणाली आणि दुसरा पेला पाणी प्यायली.

"मग उद्याही एवढंच मीठ घालतो."

"नको!" दोघी एकदम ओरडल्या.

तात्या खो खो हसले. "अगं, मग सांगायचं नाही का? आजची आमटी कशी झाली ते कळलं, तरच उद्या मी हात आवरणार. ह्याला म्हणतात प्रत्याभरण (केलेल्या कामाचा परिणाम परत कानावर येणं, म्हणजे पुढचं काम सुधारता येतं). माणूस असो, यंत्र असो, त्याच्याशिवाय कोणी शिकत नाही. तुम्ही मला खोटं सांगितलंत, तर मी जन्मभर खारट आमटी करीन, आणि वर स्वतःला बल्लवाचार्य समजेन."

शाल्मलीचा घास हातातच राहिला. तिचे डोळे भरून आले.

"तात्या, पौर्णिमेला पाणी पिवळ्या पट्ट्यावर होतं. मी 'हिरवा' सांगितलं. सगळेच तसं सांगतात. खरं सांगितलं की सर चूक धरतात. आणि माझं कधीच काही चुकलेलं नाही हो."

तात्यांनी तिला जवळ ओढलं. रागावतील असं तिला वाटलं होतं, पण त्यांचा आवाज उलट मऊ झाला.

"म्हणजे सरांना त्यांचंच उत्तर तुमच्या तोंडून परत मिळतंय. त्यांना वाटतंय, सगळं झकास चाललंय. आता बघ. समुद्र दरवर्षी थोडा थोडा तापतोय. तापलेलं पाणी प्रसरण पावतं (फुगून जास्त जागा घेतं). वर हिमनद्या वितळून त्यात भर घालतायत. समुद्राची पातळीच वर गेली, मग भरती शेताच्या उंचीला कधी पोचणार?"

"आधीपेक्षा लवकर!" शाल्मली म्हणाली. "आणि सर दार लावतात जुन्याच वेळेला."

"सरांनी पन्नास वर्षांचा समुद्र पाठ केलाय. पण आताचा समुद्र तसा राहिलेला नाही. पुढे तुमच्यासमोर असे कितीतरी प्रश्न येणार, ज्यांचं उत्तर अजून कोणापाशीच तयार नाही. ते पाठ कसं करणार? ते बघून, मोजून, चुकून, सुधारूनच शोधावं लागणार. शाळेत शिकायचं ते हे."

पिठोरी अमावस्येला दुपारी उधाणाची भरती येणार होती. शाल्मलीने वर्गातल्या सगळ्यांना बांधावर गोळा केलं. हिराकाकी खाचराच्या कडेला पदर घट्ट धरून उभ्या होत्या. पश्चिमेचा वारा सुटला होता आणि पाणी भराभर चढत होतं. दार अजून सताड उघडं होतं.

हिरवा पट्टा बुडायला लागला.

"सर, दार लावा! पाणी हिरव्याला लागलं!" शाल्मली ध्वनिपेटीत ओरडली.

"चूक," सरांचा शांत आवाज आला. "पाणी अजून हिरव्याच्या खाली आहे. नीट बघ. एक गुण कमी."

तिच्या आयुष्यातला हा पहिला कापलेला गुण. कानशिलं तापली. तिने पुन्हा खांबाकडे पाहिलं.

"सर, मी नीटच बघतेय. हिरवा बुडतोय. पौर्णिमेला दार लागलं तेव्हा पाणी पिवळ्यावर होतं. मी तुमच्याशी खोटं बोलले. आम्ही सगळेच बोलायचो, तुमचं उत्तर तेच असायचं म्हणून. हवे तेवढे गुण कापा, पण ह्या सगळ्यांना विचारा."

 मग धीट समजला जाणारा कैवल्य चक्क घाबरत म्हणाला, "सर, हिरवा बुडला." मग ओवी. मग एकेक करून सगळे, इतक्या मोठ्याने की बांधावरचे बगळे उडून गेले.

 घडाघडा सरांना उत्तर सुचेना, हे केवडखारमध्ये पहिल्यांदाच घडत होतं.

"माझ्या माहितीत हे नाही," शेवटी सर म्हणाले. "पाणी लवकर का आलं, ते मला... माहीत नाही. तुम्ही बघताय. दार लावतो."

झडप करकरत खाली आली. खाडी दारावर आपटत राहिली. पिवळा बुडाला, लालही भिजला, पण खाचरात एक ओंजळभरसुद्धा पाणी शिरलं नाही. हिराकाकींनी शाल्मलीला मिठीच मारली आणि चिखलाच्या हातांनी तिचे दोन्ही गाल माखून टाकले.

दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात पहिलीच गोष्ट विचारली, "कालपर्यंतची तुमची उत्तरं खरी किती होती?" मुलांनी माना खाली घातल्या. सर म्हणाले, "दोष माझाही आहे. मी बरोबर उत्तराला गुण देत होतो. बघण्याला दिलेच नाहीत."

तेव्हापासून शाळेत एक नवा तास सुरू झाला. त्यात असाच प्रश्न घ्यायचा, ज्याचं उत्तर सरांनाही येत नाही. गोड पाणी कुठे साठवायचं? बांध किती उंच करायचा? कुठल्या झाडांची मुळं माती धरून ठेवतील? खाडीपलीकडच्या शाळेलाही मुलं आपले आकडे कळवू लागली. चुकलेले आकडेसुद्धा, आणि का चुकले तेही.

भात ओंबीवर आलं, त्या दिवशी सरांनी हट्टच धरला, मला बांधावर न्या. मुलांनी त्यांना हातगाडीवर बसवलं आणि ढकलत ढकलत नेलं. गाडी दोनदा रुतली. चंदेरी पायांना चिखल लागला, आणि सरांनी तो पुसू दिला नाही.

"शाल्मली," ते म्हणाले, "आज पाणी कुठवर आलंय?"

उत्तर तिच्या ओठांवर तयारच होतं. पण तिने तोंड मिटलं आणि आधी खांबाकडे पाहिलं.