चुन्याच्या बरणीतलं गंधक

या, अशा जवळ येऊन बसा. बुवा अजून फेटा बांधताहेत, कीर्तनाला अवकाश आहे. तोवर एक गोड गोष्ट सांगते.

स्वातंत्र्य मिळून पाचेक वर्षं झाली असतील. वृंदा नुकतीच बी.एस्सी. झालेली. वडिलांची कलकत्त्याहून नागपूरला बदली झाली होती. कलकत्त्यातच मुलींच्या हिंदी शाळेत नोकरी मिळाली तर ती वसतिगृहात राहणार, नाहीतर सामानाबरोबर तीही गाडीत! आज शाळेत नमुन्याचा पाठ... आणि भवानीपूरला ट्रामने असा हिसका दिला, की पिशवीतली प्रयोगाची काचेची बरणी फुटली.

"अगं आई!"

"मराठी?" शेजारी उभा असलेला तरुण चमकला. कलकत्त्याच्याच बेहाला भागात राहणारा श्यामकांत तो. काखेतली रिकामी बरणी त्याने पुढे केली. "आत्याची आहे, घ्या. मी स्वतः धुतलीय."

"परत कशी देऊ? मी तर शाळेत पाठ घ्यायला निघालेय."

"शाळेच्या दाराशी थांबतो ना. बरणीशिवाय आत्या घरात घ्यायची नाही."

वर्गात वृंदाने आधी गंधकाची पूड पाण्यात टाकली. निळा लिटमस निळाच. "पाहिलंत? नुसतं गंधक पाण्याला दाद देत नाही. आता ते जाळू या." पेटलेलं गंधक तिने बरणीत सोडलं, तळाशी थोडं पाणी होतं. धूर कोंडला, बरणी हलवली, लिटमस बुडवला...

आम्लाने लाल व्हायला हवा, तर निळाच!

मुली खुदखुदल्या. मुख्याध्यापिका शारदादेवींनी चष्मा काढला. वृंदाच्या डोळ्यांपुढे नागपूरची गाडी आली. पण देवाने बुद्धी दिली. तिने लाल लिटमस बुडवला, तो निळा झाला! म्हणजे बरणीत आम्लाच्या उलट काहीतरी होतं. ती दाराकडे वळली; बरणीसाठी थांबलेला श्यामकांत तिथूनच डोकावत होता.

"अहो, काय होतं हिच्यात?"

"आत्याचा पानाचा चुना... पण मी धुतली होती!"

"तुम्ही धुतलीत, तिथेच घात झाला." वर्ग हसला, तीही हसली. "मुलींनो, गंधकासारख्या अधातूचा ऑक्साइड पाण्यात विरघळला की आम्ल होतं. ते झालं, पण चुन्याने गिळून टाकलं. बघू या, चुना किती गिळतो!"

पुन्हा गंधक पेटलं. सगळे खोकले. बरणी हलली. लिटमस कडेने गुलाबी... आणि मग लालेलाल! मुलींनी बाकं वाजवली.

"सोमवारपासून या," शारदादेवी म्हणाल्या.

बाहेर श्यामकांत मान खाली घालून उभा. "मी तुमची नोकरी घालवत होतो."

"मिळवून दिलीत. सरळ झालेला प्रयोग मुली उद्याच विसरल्या असत्या."

"मग... रोज एक बरणी आणू?"

"बरणी नको," वृंदा हळूच म्हणाली, "तुम्ही या."

आला हो! आणि लग्नात पहिली अक्षता आत्याने टाकली.

बुवा उभे राहिले बघा. एवढंच सांगते, कधी भरल्या सभेत तुमचं काही फसलं आणि सगळे हसले, तर माझ्या वृंदाची आठवण ठेवा.